जावेसाठी विलाप

“धाकटी आपा, तुम्ही नुसत्या बसा. बाकीचं हे करील,” असं काकूला म्हणत सोवेतने मुठीएवढा काळा स्पीकर मयतासाठी उभारलेल्या तंबूच्या लोकरी भिंतीला टेकवून ठेवला.

बुरुलने स्पीकरकडे पाहिलं. मग पडद्याआड ठेवलेल्या आपल्या जावेकडे पाहिलं. कलबूबू पांढऱ्या कापडाखाली गप्प पडली होती, आयुष्यात पहिल्यांदाच.

“हे काय करणार?”

“तुमचाच आवाज आहे. आजी गेली तेव्हा तुम्ही विलाप केला होता ना, तो कुणीतरी फोनवर घेतला होता. पाहुणे फाटकाशी आले की मी बटण दाबतो. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचं. पाठमोऱ्या बाईचे ओठ कोण बघतंय?”

“अरे गाढवा,” बुरुल म्हणाली आणि दम घ्यायला थांबली. “तो विलाप माझ्या सासूचा. त्यात मी ‘सात लेकरांची माय’ म्हटलंय. तुझ्या आईला तू एकटा. बाकीचे सहा... मी आता कुठून आणू?”

सोवेतची बायको मीरगुल रडतारडता हसली आणि तिने रुमाल तोंडात कोंबला.

सोवेत पन्नाशीचा बाप्या. कमरेला शोकाचा पट्टा, हातात काठी. त्याचा चेहरा पडला. “मग लोकांना काय सांगू? सकाळपासून बायका कुजबुजतायत. शेजारची दामिरा तर तोंडावर म्हणाली, जावेशी हाडवैर होतं, म्हणून बुरुल तोंड शिवून बसलीय.”

“दामिराच्या जिभेला घरी काम नसतं.”

पण ते तिला लागलं. वैर होतंच. सासूच्या समोवारवरून, चहाच्या त्या पितळी बंबावरून, दोघी एक अख्खा हिवाळा एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. एका अंगणात राहून, एका गोठ्यात गाई पिळून, एक शब्द नाही. वसंतात कलबूबूच तो समोवार उचलून घेऊन आली आणि म्हणाली, “घे बाई, चहा कडू लागायला लागला.” असलं वैर दामिराच्या बापजन्मी कुणी केलं नसेल.

त्या डोंगरांत माणूस मुक्यानं जात नाही. पुरुष दुरूनच हंबरडा फोडत येतात. आत मयताशी बसलेल्या घरच्या बायका विलापाने त्यांना उत्तर देतात. तो संपेपर्यंत कुणी उंबऱ्यात पाऊल टाकत नाही. बुरुलने जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासली. तिला ना पदक मिळालं, ना भिंतीवर फोटो. पण ती विलाप करू लागली की घाटापलीकडची माणसं घोडे थांबवायची. गावाने तिला मान दिला तो एवढ्या एकाच गोष्टीसाठी. आणि तोच आवाज साथीच्या त्या काळ्या जुलैने नेला.

त्या जुलैत घरातले तिघे एकदम आडवे झाले. दोघी जावा आणि बुरुलचा नवरा तोक्तो. सोवेतने कुठून कुठून हातापाया पडून ऑक्सिजनची टाकी आणली. तोक्तोला ती पुरली नाही. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेऊन गेली. तंबू नाही, हंबरडा नाही, विलाप नाही. बुरुल पलीकडच्या खोलीत पालथी पडून घशातून हवा ओढत होती. गावात सगळ्यात मोठा आवाज असलेल्या बाईचा नवरा कुत्र्यासारखा मुका पुरला गेला.

दोघी जावा उठल्या. गावाने मेंढा कापला, म्हणालं, सुटल्या. गावाचं काय जातंय म्हणायला! रोग गेला, पण जाताना घर धुऊन गेला. कलबूबूचं काळीज बसल्या जागी उसळ्या मारू लागलं. बुरुल नळावरून पाणी आणताना अर्ध्या वाटेत बसू लागली. शब्दही गळायचे. सुरी हातात असायची आणि ती मीरगुलला म्हणायची, “अगं ते दे... कापायचं.” मीरगुल आधी हसायची, मग वैतागायची, मग गुपचूप रडायची.

जिल्ह्याच्या गावी डॉक्टरने मान वर न करता सांगितलं, “आजी, वय बघा आपलं.”

“वय काय एका महिन्यात येतं, बाळा?” बुरुल भडकली. “जूनमध्ये मी घोड्यावर बसून कुरणात गेले. ऑगस्टमध्ये जोडे चढवताना दम लागला. मध्ये जुलै होता. तो लिही ना!”

त्याने जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहिल्या. कलबूबूलाही त्याच. जणू दोन म्हाताऱ्या नव्हत्याच, एकाच म्हातारपणाच्या दोन पिशव्या होत्या. परतीच्या गाडीत कलबूबू खिडकीला डोकं टेकून म्हणाली, “तुझ्यात श्वास नाही, माझ्यात ठोका नाही. दोघींची मिळून एक धड म्हातारी होईल.” सगळी गाडी हसली. मग हळूच, फक्त बुरुलला ऐकू जाईल असं म्हणाली, “मी आधी गेले तर माझ्यासाठी रड गं. तोक्तोसारखं मुकं पाठवू नकोस मला.”

बुरुलने हो म्हटलं होतं. श्वास कुठून आणायचा ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

“आपा,” मीरगुल आता तिच्या कानाशी लागली, “तुम्ही शब्द सांगा. मी म्हणते मोठ्यानं.”

“तू तुझा विलाप कर. सुनेनं सासूचा करायचा. जावेचा जावेनंच. तो उसना देता येत नाही.” ती सोवेतकडे वळली. “आणि तुझा तो डबा उचल. इथं दोघी जावा बोलतायत, तिथं त्याचं काय काम?”

सोवेत स्पीकर खिशात घालून बाहेर जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात फाटकाकडून हंबरडा आला. “अगं माझ्या बहिणी! माझ्या आधारा गं!” घाटापलीकडचे पाहुणे, कलबूबूच्या माहेरचे. सर्वांत पुढे म्हातारा भाऊ, काठी आपटत येणारा. बायकांचे डोळे बुरुलच्या पाठीवर खिळले. दामिराने मान लांब केली.

बुरुलने पाठ ताठ केली. पूर्वीच्या ओळी लांब होत्या, एका श्वासात डोंगर चढून जाणाऱ्या. तिने त्या सोडून दिल्या. जेवढी हवा होती तेवढी ओळ केली.

“जाऊबाई... ऐकतेस ना?
एका भट्टीची... रोटी आपण,
एका रोगाचा... घास आपण.
तुझं काळीज... त्यानं खाल्लं,
माझा वारा... त्यानं प्याला.
वय म्हणाले... वय म्हणाले,
वयाला का... दात असतात?”

आवाज जुना नव्हता. चिरकत होता, तुटत होता, मध्येच नुसती घशातली घरघर ऐकू येत होती. पण शब्द तंबूबाहेर जात होते. बाहेर कुणीतरी मोठ्यांदा हुंदका दिला. ज्यांच्या घरात त्या जुलैपासून म्हातारी माणसं दम लागून पायरीवर बसून राहत होती, ती सगळी माणसं तंबूच्या जवळ सरकली.

आता नाव घ्यायचं होतं. विलापात मेलेल्याला नावाने हाक मारावी लागते. बुरुलने तोंड उघडलं आणि नाव नव्हतं. उभा जन्म अंगणातून ओरडून मारलेली हाक, आणि जागेवर रिकामं भोक. मीरगुल कुजबुजायला पुढे सरकली. बुरुलने तिला कोपराने मागे ढकललं. पांढऱ्या कापडावर तळवा ठेवला.

“नाव तुझं... शोधते गं,
तेही त्यानं... चोरून नेलं.
नावावाचून... ओळखते मी,
हात तुझा... गार तरी.”

दामिरा रुमालात तोंड खुपसून रडू लागली. खोटं नाही, नाकातून पाणी येईपर्यंत.

बुरुलचा श्वास संपला. बाहेर म्हाताऱ्या भावाला वाटलं, विलाप झाला. त्याने एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं. बुरुल वळली नाही. भिंतीकडे तोंड ठेवूनच तिने एक हात मागे वर केला, पंजा उघडा.

म्हाताऱ्याने पाऊल मागे घेतलं. त्याच्या मागच्यांनीही.

आत ती छातीवर मूठ ठेवून हवा गोळा करत होती. बाहेर सगळे पुरुष काठ्यांवर हनुवट्या टेकवून उभे होते. कुणी खोकलंसुद्धा नाही.