सरळ केलेले ओठ

परीक्षा जवळ आली, की गणिताचे सर चित्रकलेच्या बाईंचा तास खुशाल मागून घेत. मागणं तरी कसलं! बाई वर्गापर्यंत पोहोचायच्या आत फळ्यावर उदाहरण लिहिलेलं असे. बाई बिचाऱ्या निमूट परत फिरत. एकदाच त्या म्हणाल्या होत्या, "सर, मी नुसती चित्रं काढायला शिकवत नाही. आपल्याला माहीत आहे ते बाजूला ठेवून, समोर आहे ते बघायला शिकवते. नीट बघितलं की मुलं आपणहून विचारतात, हे असं का?"

सरांनी हसून खडू उचलला.

त्यांची मुलगी त्याच शाळेत सहावीत होती. एका संध्याकाळी तिने ओट्यापाशी भाजी निवडणाऱ्या आईचं चित्र काढलं. सरांनी वही पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ओठांचा उजवा कोपरा खाली घसरला होता.

"तोंड वाकडं काढलंस."

"आईचं आज तसंच दिसतंय, बाबा. असं का असेल?"

"मी रोज बघतो तिला," असं म्हणून सरांनी खोडरबर घेतला आणि स्वतःच्या हाताने ओठ सरळ करून दिले. मान वळवून बायकोकडे पाहायचं काही त्यांना सुचलं नाही.

सकाळी आईला उठता येईना. उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. चेहऱ्यातला फरक कधीपासून आहे, असं दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. मुलीने वही पुढे केली. बाईंनी लावलेल्या सवयीप्रमाणे चित्राखाली तारीख आणि वेळ होती, आणि खोडलेल्या रेघेचा वळ कागदावर तसाच होता.

"कालच आणायला हवं होतं," डॉक्टर एवढंच म्हणाले.

आई घरी आली, पण बोलणं परतलं नाही. लेकीला बोलवायचं असलं की ती पेल्यावर चमचा वाजवते.

पुढच्या परीक्षेच्या आधी सर पुन्हा चित्रकलेच्या वर्गात आले. सगळ्यांनी गणिताच्या वह्या काढल्या. सर मात्र शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी बाईंकडे एक कागद मागितला. बायकोचा पूर्वीचा चेहरा काढायचा होता. बराच वेळ पेन्सिल हातात राहिली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिचे ओठ कसे होते, तेच त्यांना आठवेना!

"बाई, मलाही बघायला शिकवा," ते खालच्या आवाजात म्हणाले.

पालकहो, तुमच्या मुलांचा चित्रकलेचा तास कुणी असा घेऊन टाकत असेल, तर गप्प बसू नका. नीट पाहिल्याशिवाय प्रश्न पडत नाही आणि प्रश्न पडल्याशिवाय विचार सुरू होत नाही. त्या मुलीला प्रश्न वेळेवर पडला होता. तो खोडणारा माणूस शाळेत सगळ्यांत हुशार म्हणून ओळखला जाई.