माझ्या बॉनेटमध्ये फुलं लावू नका

मी शोभेची वस्तू नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कोणाचा गैरसमज नको.

मी एक जीप आहे. चारी चाकांना जोर असलेली, कंबर उंच करून घेतलेली, अंगभर पोचे मिरवणारी. माझा एक दिवा फुटलाय. माझं दार लावायचं तर आधी थोडं उचलावं लागतं. रस्त्यात माझ्यामागे अडकलेले लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात, आणि पुढे निघून जाताना माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांच्या ताटात पाय ठेवलाय. बघोत बापडे. डांबरावर सगळेच शूर असतात.

माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या बहिणी शहरात गेल्या आणि दुकानांच्या दारात उभ्या राहिल्या. माझ्या वाट्याला आलं विजेचे खांब डोंगरावर पोचवायचं काम. रस्ता संपला की माझी नोकरी सुरू व्हायची. मागे बसलेले वायरमन चढावर मला नाही नाही त्या शिव्या द्यायचे, आणि खांब उभा राहिला की माझ्याच तापलेल्या बॉनेटवर डबे ठेवून ते गरम करायचे. माणसाच्या रागाचा आणि मायेचा पत्ता बहुतेक वेळा एकच असतो, हे मी तिथे शिकले.

मग नव्या गाड्या आल्या आणि मला गोदामामागे नेऊन उभं केलं. टायर बसले, ताडपत्री फाटली. एका कोंबडीने माझ्या सीटवर बिऱ्हाड मांडलं. तिच्याशी माझं भांडण नव्हतं. निदान तिने मला बसण्यालायक तरी मानलं.

तिथून मला उस्तादने सोडवलं. तो गाड्यांची कामं करणारा, सगळे त्याला उस्तादच म्हणतात. आला होता नुसता गिअरबॉक्स न्यायला. माझ्याखाली शिरला, बराच वेळ तिथेच राहिला, केसांत जळमटं घेऊन बाहेर आला आणि गोदामवाल्याला म्हणाला, "गिअरबॉक्स राहू दे. अख्खी द्या."

उस्तादचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याखालची एक लांबलचक खोली. एका टोकाला त्याचं वेल्डिंग आणि शेगडा, दुसऱ्या टोकाला त्याच्या बायकोचं शिलाई मशीन. ती गाड्यांच्या सीटा आणि हूड शिवते. येणारेजाणारे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. दोघांच्या मध्ये जमिनीवर रंगाची एक रेघ आहे. तेलकट पायांनी ती ओलांडायची नाही, असा वहिनीचा कायदा. दिवसातून कितीदा तरी खोलीत आवाज घुमतो, "अहो, रेघ!"

मला उभं केलं ते नेमकं त्या रेघेवर. तोंड उस्तादकडे, पाठ वहिनीकडे.

त्याने माझ्या स्प्रिंगच्या कमानी बदलल्या, मला हातभर उंच केलं, मोठ्या दातांचे टायर घातले. पुढे दोर ओढणारं विंच बसवलं. पाण्यातून जाताना धाप लागू नये म्हणून श्वासाची नळी टपापर्यंत नेली. वहिनीने जाड कापडाचा हूड शिवला, सीटांना दुहेरी शिलाई घातली. शेजारचे म्हणायचे, "एवढ्यात नवी कोरी आली असती की!" उस्ताद म्हणायचा, "नवी आली असती. ही नसती आली."

दर रविवारी आमचा मुक्काम बंद पडलेल्या दगडाच्या खाणीवर. माझ्यासारख्या वाढीव गाड्यांची तिथे जत्राच जमे. तुम्ही लोक रविवारी गाड्या धुता. आमच्याकडे रविवारी मळवतात आणि सोमवारी धुतात. खाणीच्या तोंडाशी आधी टायरमधली थोडी हवा सोडायची, म्हणजे चाक पसरून जमिनीला धरतं. मग दोघांनी खाली उतरून पुढच्या चाकांच्या कळा फिरवायच्या. माझ्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल कळ आहे. ती हाताने फिरवून बंद केल्याशिवाय आतला दांडा कितीही ओढा, पुढची चाकं कामाला लागत नाहीत. उस्ताद गाडी चालवायचा, म्हणून चालकाच्या बाजूची कळ त्याची. वहिनी शेजारी बसायची, म्हणून त्या बाजूची तिची. हे कधी कोणी ठरवलं नाही. लग्नाला वर्षं झाली की अशा गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत.

त्या खाणीत एक चढ आहे. अरुंद, निसरडा, वर जाऊन एका खडकाळ पायरीशी थांबणारा. सगळे त्याला 'सासू' म्हणतात, कारण कोणी कितीही जीव काढला तरी तिचं समाधान होत नाही. उस्ताद आणि मी ती अनेकदा चढलो. इतर गाड्या खाली उभ्या राहून बघायच्या. गर्व होता का मला? होता. आजही आहे.

मग उस्ताद वर्कशॉपमधल्या शिडीवरून पडला. डावा गुडघा शिवून घ्यावा लागला आणि त्यानंतर तो वाकेनासाच झाला. डाव्या पायाने क्लच दाबायचा असतो. क्लच नाही तर गाडी नाही.

तो काठी टेकत कामाला येऊ लागला, पण माझ्याकडे बघेना. मी जिथे उभी होते त्या बाजूने जाताना मान फिरवायचा. माझ्यावर धूळ बसली. पुढच्या चाकाला टेकवून कोणीतरी झाडू ठेवला आणि तो तिथेच राहिला.

आणि एक दिवस एक हॉटेलवाले आले.

भला माणूस. हसतमुख. हातात मोजायची टेप. त्यांनी मला लांबीत मोजलं, रुंदीत मोजलं, आणि आनंदाने म्हणाले, "फक्कड! फाटकाशी सिमेंटचा कट्टा बांधतो, त्यावर हिला चढवतो. लाल रंग. इंजिन काढून टाकू, वजन कशाला? बॉनेटमध्ये माती भरून फुलं लावतो. लोक फोटो काढतील बघा!"

मला हॉर्न आहे, पण तो दुसऱ्याने दाबावा लागतो. नाहीतर त्या दिवशी मी पत्रे हादरवले असते.

उस्ताद हळूच म्हणाला, "न्या."

शिलाई मशीन थांबलं. वहिनी रेघ ओलांडून पलीकडे आली.

"काय न्या?"

"अगं, इथे उभी राहून कुजण्यापेक्षा चार लोक बघतील तरी तिला."

"कुजतेय कोण? ती की तुम्ही?"

हॉटेलवाल्यांनी टेप गुंडाळायला घेतली. नवराबायकोच्या भांडणात सापडलेला माणूस हातातल्या वस्तूकडे फार बारकाईने बघतो.

"चालवणार कोण?" उस्ताद म्हणाला.

"मी."

"सासू चढणं म्हणजे उशीच्या खोळीला टीप मारणं नव्हे."

"खोळीची टीप तरी सरळ येते का तुम्हाला? एकदा मारली होतीत, उशी अजून तिरकी झोपते." मग ती हॉटेलवाल्यांकडे वळली. "भाऊ, रविवारी खाणीवर या. ही सासू चढली नाही, तर तिथूनच ओढून न्या. मी रंगसुद्धा लावून देईन लाल. पण चढली, तर पुन्हा टेप घेऊन यायचं नाही."

"वहिनी, मी आपलं सहज..."

"सहजच या."

वहिनीला गाडी येत होती, पण बाजारात जाण्यापुरती. आठवडाभर ती मला वर्कशॉपमागच्या मातीच्या ढिगाऱ्यावर चढवत-उतरवत राहिली. उस्ताद खिडकीतून बघायचा आणि बघत नसल्याचं दाखवायचा. शनिवारी त्याला राहवलं नाही. "पाय क्लचवर ठेवून बसू नकोस गं! तो पाट आहे का?" वहिनी हसली. मलाही बरं वाटलं. तो ओरडला म्हणजे तो परत आला होता.

रविवारी खाणीवर ही गर्दी. हॉटेलवाले खुर्ची घेऊनच आले होते. खाणीवरच्या सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे एक दाढीवाला, त्याला कप्तान म्हणतात. तो पुढे आला. "वहिनी, उगाच जिवाला घोर कशाला? मी चढवून देतो. गाडीशी मतलब ना?"

"गाडीला चढायचंय, कप्तान. आणि मलाही."

हवा सोडली. वहिनी खाली उतरून कळ फिरवून आली. उस्ताद काठी टेकत, एकेक दगड चाचपत चढाच्या वर जाऊन उभा राहिला. अशा चढावर चालकाला बॉनेटपुढची जमीन दिसत नाही. वर उभा असलेला माणूस हाताने वाट दाखवतो. नियम एकच : जमिनीकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. घरात ज्याचा एक शब्द ती मुकाट ऐकत नाही, त्याच्या हाताकडे वहिनी डोळ्यांत तेल घालून बघू लागली.

आम्ही निघालो. अर्ध्या चढावर माझी मागची चाकं गरगरली, चिखल उडाला आणि मी घसरत खाली आले.

पुन्हा निघालो. पुन्हा तिथेच. गरगर, चिखल, खाली.

मला कारण कळलं होतं. माझ्या अंगाचं मला नाही कळणार तर कोणाला? पण सांगू कशी? आणि मग सुरू झाली पंडितांची सभा. एक म्हणाला, इंजिन थकलंय. दुसरा म्हणाला, हवा जास्त आहे. तिसरा नुसताच वहिनीकडे बघून हसला. हॉटेलवाल्यांनी खिशातून टेप काढून मांडीवर ठेवली. इंजिन थकलंय! ज्याने हे म्हटलं त्याची स्वतःची गाडी उस्ताद पडण्याआधी मी दोराने ओढून बाहेर काढली होती.

उस्ताद मात्र वरून खाली यायला निघाला. वाकत नसलेला पाय पुढे टाकत, बसत, घसरत. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मला चढताना समोरून पाहिलं होतं. पहिल्या खेपेला तो वहिनीच्या तोंडाकडे बघत होता. दुसऱ्या खेपेला त्याने चाकं बघितली. मागची दोन फिरत होती. पुढची दोन पाहुण्यांसारखी उभी होती.

"कळा फिरवल्यास?" त्याने विचारलं.

"फिरवली की! माझ्या बाजूची."

"आणि ही?" त्याने चालकाच्या बाजूच्या चाकावर काठी आपटली.

"ती तुमची बाजू."

"अगं, मी आता गाडीत बसतो का?"

सवयीने ती आपल्या जुन्या बाजूला गेली होती. आणि तो कुठल्याच बाजूला नव्हता, म्हणून कुठेच गेला नव्हता. एका बाजूची कळ मोकळी राहिली की पुढचा सगळा जोर त्या मोकळ्या बाजूने निसटून जातो, आणि दुसरं चाकही नुसतं बघत बसतं. गाडीचं तसं आहे. घराचं वेगळं असेल असं मला वाटत नाही.

वहिनी उतरायला लागली तर तो म्हणाला, "बस. माझी बाजू मी बघतो." खाली बसता येत नव्हतं, म्हणून त्याने काठी टाकली, पाय लांब करून चिखलात चक्क आडवा झाला आणि दोन्ही हातांनी कळ फिरवली. कट्ट आवाज झाला. तो आवाज मला आतपर्यंत गेला.

कप्तानने हात देऊन त्याला उठवलं आणि वर नेलं. आता कोणी हसत नव्हतं.

शेंडी तुटो की पारंबी, मी ठरवलं. तिसऱ्या खेपेला चारी चाकांनी जमीन धरली. जिथे घसरत होते ती जागा मी अशी ओलांडली, जशी वहिनी भडकल्यावर ती रेघ ओलांडते. उस्तादचा हात डावीकडे झुकला, आम्ही डावीकडे. तिथे तर कडाच दिसत होती, पण वहिनीने स्टिअरिंग वळवलं. खडक बंपरला घासला, माझा दिवा फुटला. फुटू दे. वरची पायरी समोर आली.

आणि उस्तादची मूठ बंद झाली. म्हणजे थांब.

वहिनीने थांबवलं. मी उभ्या चढावर ब्रेकवर थरथरत होते. वर उस्ताद मूठ तशीच धरून उभा. वाटेत दगड नव्हता, खड्डा नव्हता. तो नुसता घाबरला होता. माझ्यासाठी नव्हे. स्टिअरिंगमागे जी बसली होती तिच्यासाठी.

"अहो!" वहिनी खालून ओरडली. "हात उघडा! मी काही शिडीवर नाही चढलेय!"

खाण हसली. उस्तादही हसला. आणि मूठ उघडली. पाचही बोटं त्याने स्वतःकडे ओढली : ये.

मी आले. वर आल्यावर माझं नाक त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबलं. त्याने माझ्या बॉनेटवर दोन्ही हात ठेवले. बॉनेट भाजत होतं. हात त्याने काढले नाहीत.

हॉटेलवाले खुर्ची मिटून गेले. गडबडीत टेप विसरले. नंतर न्यायला आले तेव्हा वहिनी म्हणाली, "थोडी थांबा भाऊ, काम चाललंय." त्याच टेपने ती माझ्या चालकाशेजारच्या सीटचं माप घेत होती. आता तिथे लांब, पुढे आधार असलेली सीट आहे. वाकत नसलेला पाय तीवर सरळ ठेवता येतो. सासू आली की उस्ताद उतरतो आणि वर जाऊन हात दाखवतो. बाकी वेळ शेजारी बसून चुका काढतो. आणि खाणीच्या तोंडाशी दोन आवाज येतात :

"माझी बाजू झाली!"

"माझीही!"

फुटलेला दिवा वहिनीने बदलू दिलेला नाही. मीही मागितलेला नाही.

आता तुम्हाला सांगते. माझ्यासारखी एखादी तुमच्या दारात, गोदामामागे, झाडाखाली उभी असेल. तिला रंग देऊ नका. तिच्यापुढे उभे राहून फोटो काढू नका. आधी खाली वाकून बघा, एखादी कळ फिरवायची राहिली नाही ना. आम्ही थकतो, मान्य आहे. पण थकलेल्या आणि संपलेल्यात फरक असतो, आणि तो टेपने मोजता येत नाही.

आणि फुलं लावायची तुम्हाला फारच हौस असेल, तर जमिनीत लावा. माती कमी पडली तर सोमवारी सकाळी आमच्याकडे या. माझी चाकं धुतली की ढीगभर निघते.