भोंग्याची जीप

पंच्याण्णवच्या डिसेंबरात पोलिओच्या डोसची दवंडी द्यायला आम्हाला भाड्याची जीप मिळाली. टपावर भोंगा, आत माईक आणि चालवायला अभिमन. मी नर्स, म्हणजे बोलायचं काम खरं तर माझंच. पण माईक पाहूनच माझी बोबडी वळली आणि तो मी खुशाल ड्रायव्हरच्या हातात दिला.

अभिमनला तेच हवं होतं. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात माईक. सोनगीर सोडलं आणि शेतातून कुणीतरी ओरडलं, "अभिमनभाऊ, पोरनं लगीन ठरनं का?"

"ठरनं! फागुनमा शे, बठ्ठा या!" उत्तर भोंग्यातूनच गेलं. अर्ध्या शिवाराला 'सगळे या' असं आमंत्रण पोचलं. मीही हसले, कशाला खोटं बोलू?

पुढच्या गावाच्या वळणावर तो असाच कुणाला तरी उत्तर देत होता. नजर शेताकडे. समोरून एक बाई मुलाला कडेवर घेऊन येत होती. मी किंचाळले. जीप बाईच्या पदराला घासून कपाशीत घुसली.

कुणाला खरचटलंही नाही. पण आम्ही बोलावलं म्हणूनच ती डोस पाजायला निघाली होती.

"तुमना डोस तुमलेच ऱ्हाऊ द्या!" असं म्हणून ती तरातरा घरी गेली. तिचं नाव भिकुबाई. तिच्यामागे डोससाठी शाळेकडे निघालेल्या बाकीच्या बायाही परतल्या. डोसची थंड पेटी मांडीवर घेऊन मी शाळेच्या ओट्यावर एकटीच बसले. दोष माझाही होता; माईक मीच त्याच्या हातात दिला होता.

अभिमनने जीप शाळेसमोर आणली, इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मग माईक घेतला.

"भिकुबहीन, चूक मनी शे. बोलाना नादमा मी रस्ता दखा नही. बठ्ठं गाव ऐका, चूक मनीच शे. माले शिव्या द्या, पण पोरेसले डोस पाजा."

बराच वेळ कुणी आलं नाही. मग भिकुबाई आली. मुलाला माझ्यापुढे धरलं. त्याने तोंड वेडंवाकडं केलं, पण थेंब पोटात गेले.

जाता जाता ती जीपपाशी थांबली. अभिमन माईक खाली ठेवत होता.

"आते बोला, भाऊ," ती म्हणाली. "आते गाडी उभी शे."