दुपारी दोन ते चार

औषधांचं दुकान खाली, घर वर, मध्ये एकोणीस पायऱ्या. दुकान काका आणि काकू दोघांचं. दोघेही औषधशास्त्राचे पदवीधर, एकाच वर्गातले. काकूंना अकरा गुण जास्त मिळाले होते. ही गोष्ट काका स्वतःहून कुणाला सांगत नसत आणि काकू कुणाला सांगायचं विसरत नसत. वर्गात त्या त्यांना 'तू' म्हणायच्या. लग्नानंतर 'अहो' सुरू झालं. भांडण रंगात आलं की परत 'तू'.

काकांना एक तत्त्व होतं. एकच होतं, म्हणून ते फार जपत. गर्भनिरोधक गोळ्या ते स्वतःच्या हाताने कुणाला देत नसत.

"गोळी करते काय?" ते बोटं पुढे धरून सांगत. "पहिलं, अंडाशयातून बीज बाहेर पडूच देत नाही. माझी हरकत नाही. न निघालेल्या गाडीला अपघात होत नाही. दुसरं, गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव घट्ट करते. तरीही हरकत नाही. पण तिसरं, आतलं अस्तर पातळ करते. समजा पहिली दोन कुलपं चुकली आणि बीज फळलंच, तर त्याने रुजायचं कुठे? तेवढ्या शंकेला मी हात लावणार नाही."

"पहिलं कुलूप नीट बसलं तर चोर फाटकापर्यंतही येत नाही," काकू म्हणत. "गोष्ट तिसऱ्या कुलपापर्यंत जाते याचा पुरावा दाखव."

"जात नाही याचा तू दाखव."

"आणि एकामागून एक बाळंतपणांनी जिच्या अंगात रक्त उरलेलं नाही, तिला काय सांगू? आमच्याकडे तिसऱ्या बोटाची अडचण आहे?"

"तिने दुसरीकडून घ्यावी. मी अडवत नाही."

"दुसरीकडे म्हणजे दोन बस बदलून."

हा वाद सव्वीस वर्षं चालला होता, बहुतेक वेळा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना. कुणी तसूभर हललं नाही. घड्या मात्र सुरेख पडत.

अशा घरात दुकान कसं चाललं, तर झोपेवर. काका रोज दोन ते चार दुकानाच्या मागच्या पडद्याआड खाटेवर पडत. तेवढा वेळ काकू गल्ल्यावर. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गल्लीतल्या बायका नेमक्या त्याच वेळी येत. काकांना काही ठाऊक नाही, असं अख्खी गल्ली धरून चाललेली. पडद्यातून बाहेर येण्याआधी काका तीनदा मोठ्याने खाकरत. त्यांना घशाचा जुना त्रास असावा, असंही गल्ली धरून चाललेली.

मग काकू वरच्या फळीवरची धूळ पुसताना स्टुलावरून पडल्या. घोटा मोडला. तीन आठवडे प्लास्टर, जिना बंद.

पहिल्या दिवशी दोन वाजता काका नाइलाजाने गल्ल्यावर बसले. दोन-दहाला शाळेतल्या बाई आल्या, काकांना पाहून थबकल्या आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन गेल्या. मग बेकरीवाली आली. खोकल्याच्या गोळ्या. चारपर्यंत सात जणी झाल्या.

"गल्लीत खोकल्याची साथ दिसतेय," काका वर येऊन म्हणाले.

काकूंनी बोटांवर दिवस मोजले. "शिलाईवाली आली होती?"

"आली होती. तिलाही खोकला."

काकू उठून बसल्या. "तिची सुट्टी आज संपतेय. एकवीस दिवस गोळी, सात दिवस सुट्टी. उद्या नवं पाकीट सुरू व्हायलाच हवं. सुट्टी लांबली की अंडाशय जागं होतं. आणि ते तुझ्यासारखं खाकरून उठत नाही."

म्हणजे आपण मुद्दाम खाकरतो हे वरच्या मजल्यावर माहीत होतं तर, असं काकांच्या मनात आलं.

"डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलंय," काकू म्हणाल्या. "पुन्हा दिवस राहिले तर तिच्या जिवाची खात्री नाही. दोन पोरं आहेत घरात. कुलपं मोजत बस तू."

त्या रात्री काकांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

सकाळी सातला, नेहमीप्रमाणे, ते पाण्याचा पेला घेऊन काकूंपाशी उभे राहिले. मुलीच्या जन्माच्या वेळी काकू जेमतेम वाचल्या होत्या. त्यानंतर चौदा वर्षं रोज सातला काकांनी असाच पेला धरला होता. पाण्याबरोबर काकू काय घेतात ते त्यांनी कधी विचारलं नाही. पेला रिकामा झाला की नाही तेवढं पाहिलं. पुढे गोळ्या संपल्या. पेला चालू राहिला.

काकूंनी आज अर्धाच पेला प्यायला आणि परत दिला. "उरलेलं तुझ्या तत्त्वाला पाज."

काका खाली गेले. गल्ल्याखालचा सर्वांत खालचा खण त्यांनी अख्खा ओढून काढला आणि छातीशी धरून जिना चढायला लागले. नवव्या पायरीला दम खायला थांबले. प्रत्येक पाकिटावर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'डोकं दुखतं, आधी रक्तदाब बघणे.' 'सिगारेट ओढते, ही नको, डॉक्टरांकडे परत पाठवणे.' सगळ्या चिठ्ठ्या वाचून होईपर्यंत काकांचा दम खाऊन झाला नाही.

वर येऊन त्यांनी खण काकूंच्या पलंगावर ठेवला. "खाली ओल आहे. औषधं कोरड्या जागी ठेवायची असतात."

"सव्वीस वर्षांत दिसली नाही ती ओल?"

"आज दिसली," काका म्हणाले आणि खिडकीतून भाजी वर ओढायची टोपली, दोरीसकट, पलंगाशी आणून ठेवून निघून गेले.

दुपारी दोनला त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि पडद्याआड आडवे झाले. थोड्या वेळाने वरून दोरी सरकल्याचा आवाज आला.

"काकू, अडकली!" खालून शिलाईवालीचा आवाज. टोपली दुकानाच्या पाटीच्या कोपऱ्याला लटकली होती.

"थांब, हिसका देते."

"नको, पडेल सगळं. मला अडीचला मशिनवर बसायचंय. उद्या बघू."

"उद्या नाही! पहिली गोळी आजच!"

पडद्याआडून तीनदा खाकरल्याचा आवाज आला. शिलाईवाली दचकून मागे सरली. शटरखालून वाकून काका बाहेर आले, हातात स्टूल.

"अहो, त्या स्टुलावर चढू नका!" वरून काकू ओरडल्या. काका चढले. "तू उतर आधी खाली!"

काकांनी आभाळाकडे पाहत टोपली सोडवली, दोन्ही हातांनी धरली, आभाळाकडेच पाहत खाली उतरले आणि शिलाईवालीसमोर केली.

"काका, त्या खोकल्याच्या..."

"हो. रोज एकाच वेळी घे," काका आभाळाला म्हणाले. "आणि पेलाभर पाण्याबरोबर. अर्धा नाही."

ती पाकीट पदराआड घेऊन धावत सुटली. रिकामी टोपली हळूहळू वर गेली. काकू खिडकीच्या चौकटीवर हनुवटी टेकून बघत होत्या.

"काय रे, तुझं तत्त्व कसं आहे?"

"ठीक आहे," काका स्टूल उचलत म्हणाले. "पाटी तेवढी वीतभर बाजूला घ्यायला हवी."