टॉवेलाखालचा सौदा

टॉवेलाखाली दोन हात होते आणि टॉवेल जवळजवळ हलत नव्हता. एखादं बोट धरलं गेलं की कडेची निळी पट्टी किंचित वर उचलली जायची आणि पुन्हा खाली बसायची. टॉवेलाच्या वरची दोन्ही तोंडं घोडेगावच्या बाजारातल्या धुळीकडे बघत होती, जणू त्या हातांशी त्यांचा काही संबंध नाही.

एक हात कारभारीकाकांचा. साठी ओलांडलेले, म्हशींचे व्यापारी. दुसरा गोरक्षनाथचा, म्हणजे त्यांच्या जुन्या दोस्ताचा आणि गिऱ्हाइकाचा. इथे भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलाखाली बोटं धरून सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. मी जरा अंतरावर एका मुऱ्हा म्हशीच्या मागे उभी राहून मोबाइलमध्ये वेळ नोंदवत होते. तिची शेपटी अधूनमधून माझ्या हातावर बसत होती.

काकांच्या सदऱ्याखाली छातीला चिकटपट्ट्या होत्या आणि कमरेला काड्यापेटीएवढं यंत्र. ते दिवसभर हृदयाचा आलेख नोंदवून ठेवतं. आमच्या संशोधनाचा प्रश्न साधा होता. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या हृदयाला रक्त जास्त केव्हा कमी पडतं, अंगमेहनत करताना की मनावर ताण असताना? काकांच्या तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. दिवाळीच्या सुमाराला अँजिओग्राफी झाली तेव्हाच डॉक्टरांनी बायपास करायला सांगितलं होतं. उशीर केला तर मोठा झटका येऊ शकतो, हेही सांगितलं होतं. काका तेव्हापासून "बघू" म्हणत होते. आता उन्हाळा संपत आला होता.

"दुखत न्हाई त्याला कापायचं कशाला?" असा त्यांचा मुद्दा होता.

ऐकायला तो बिनतोड वाटायचा. पण काकांना बरीच वर्षं मधुमेह होता, आणि मधुमेहात पुष्कळदा हृदयाचं दुखणं जाणवतच नाही. हे डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. त्यांच्या बायकोने, लंकाबाईंनी, काहीच समजावलं नाही. त्या फक्त रोज सकाळी चहा देताना विचारायच्या, "ठरलं का?"

संशोधनाला मात्र काका लगेच तयार झाले. यात कापाकापी नव्हती.

सौदा झाला. टॉवेल खांद्यावर गेला आणि गोरक्षनाथचं लक्ष काकांच्या कमरेकडे गेलं.

"आरं, ह्यो पट्टा कोंच्या म्हशीचा बांधलास?"

"मशीन हाय. काळजाचं."

"तुला काळीज हाय व्हय? भाव सांगताना तर दिसलं न्हाई."

"तुज्या डोळ्यात धूळ गेल्ती."

म्हैस टेम्पोत चढायला तयार नव्हती. मी नको नको म्हणेपर्यंत काकांनी स्वतः तिला मागून रेटून वर घातलं आणि धापा टाकत माझ्याकडे बघितलं.

"ह्ये लिवा, मॅडम. ह्याला काम म्हंत्यात."

पुढच्या आठवड्यात काका नगरला आमच्या केंद्रात आले. सोबत लंकाबाई होत्या आणि गोरक्षनाथही होता. बाजार नसला की त्याला करमत नाही, असं लंकाबाई म्हणाल्या. मी आलेखाचे कागद टेबलावर पसरले. ठोक्याच्या उंच टोकानंतर एक सपाट तुकडा असतो, तो खाली बसला की बहुधा रक्त कमी पडतंय असं समजायचं, हे मी बोट ठेवून दाखवलं.

"म्हैस चढवली ती कुटं?" काकांनी विचारलं.

"इथे. तुकडा थोडा खाली गेला आणि लगेच वर आला."

काका खूश झाले. मग त्यांची नजर पुढच्या कागदावर गेली. तिथे तो तुकडा खाली बसला होता, आणि ओळीमागून ओळ तसाच राहिला होता.

"हितं काय करत हुतो मी?"

"उभे होतात. टॉवेलाखाली हात घालून."

गोरक्षनाथ खुर्ची सरकवून पुढे आला. "मंजी ह्यो घाबरला हुता?"

"ताणात होते, एवढं म्हणता येईल."

"आन् मी ह्याचं गार थोबाड बघून भाव वाढवून दिला. मॅडम, ह्ये कागद बाजाराच्या आदी देत जा की."

लंकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या खाली बसलेल्या रेषेवरून बोट फिरवलं.

"येवढा येळ ह्यांच्या काळजाला रगात कमी?"

"हो."

"आन् ह्यांना पत्ता बी न्हाई."

एका माणसाच्या एका दिवसावरून मला काही सिद्ध करता येत नव्हतं. तसं मी सांगितलं. बायपासची गरज अँजिओग्राफीतच दिसली होती, या कागदाने त्यात काही बदललं नाही, हेही सांगितलं. काकांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते कागद डोळ्यांजवळ धरून बघत होते.

"मंजी ह्ये काळीज बी टॉवेलाखालनंच बोलतंय," ते म्हणाले. "आन् मला वाटलं, गप हाय."

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, उजव्या हातावर पसरला आणि हात माझ्यापुढे केला. मी काय करावं ते न कळून आपला हात खाली घातला. त्यांनी माझं एक बोट धरलं, सोडलं, मग दोन धरली. त्यांचा तळवा खरखरीत होता आणि थोडा ओला.

"काका, मला हे समजत नाही."

"मुदत मागत आसंल," गोरक्षनाथ म्हणाला. "पुडच्या दिवाळीपतुर."

काका नाही म्हणाले नाहीत.

लंकाबाईंनी टॉवेलाचं टोक धरून तो ओढून घेतला. आमचे दोन हात टेबलावर उघडे पडले आणि काकांनी घाईने माझी बोटं सोडली. लंकाबाईंनी टॉवेलाची नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"म्हस न्हाई ही," त्या म्हणाल्या. "तोंडानं बोला."

काकांनी रिकाम्या खांद्यावर एकदा हात फिरवला, कागदाकडे बघितलं, मग लंकाबाईंकडे.

"आपरेशन करायचं," ते म्हणाले, बाहेरच्या बाकावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.