बॅटरीची हळद

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मामाजींच्या अँबेसेडरनं स्टार्ट व्हायला नकार दिला. अकरा वाजता माझ्या बहिणीची, प्रेमिलाताईची, उमरेडच्या शाळेत विज्ञान शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. सकाळची एस.टी. तिनं सोडून दिली होती, कारण मामाजी म्हणाले होते, "आपली गाडी असून एस.टी.त कायले उभी राह्यते?" गाडी ढकलायलाही जागा नव्हती. पुढं देवीचा मांडव होता, मागं भिंत.

मी बॉनेट उघडलं. मी सहा महिने गॅरेजात काम केलं होतं, म्हणजे घरात मी इंजिनिअर होतो. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर हिरवट-पांढरा फुलोरा आला होता. त्यावर पिवळा जाड थर.

"हे पिवळं काय लावलं, मामाजी?"

"हळद. काल पूजा नाही का केली? गाडीची सारी ताकद बॅटरीत राह्यते, म्हणून तिले जास्त लावली. कुंकू संपलं होतं."

गॅरेजातल्या उस्तादानं शिकवल्याप्रमाणं मी आधी निगेटिव्हची वायर काढली, मग पॉझिटिव्हची. अंगणात धुण्याच्या दगडाजवळ कपडे धुणाऱ्या तुळसाबाईंचा सोडा होता. तो पाण्यात कालवून टर्मिनलवर ओतला. फसफसला. इथपर्यंत बरोबर होतं. मग पिवळं होतं ते हळूहळू लाल झालं. चांगलं रक्तासारखं.

हे उस्तादानं शिकवलं नव्हतं.

"हात नको लावू बे!" शेजारचे नानाजी ओरडले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. रोज आमचा पेपर वाचायला यायचे. "देवी परगट झाली!"

मामाजींनी चपला काढल्या. दहा मिनिटांत अंगणात वीस माणसं जमली. कोणी बॅटरीवर झेंडू ठेवला. नानाजींनी खिशातली जुनी शिट्टी फुंकून रांग लावली, बायांची वेगळी.

"मामाजी, माझी मुलाखत!" ताई म्हणाली.

"घरी देवी आली वं बाई, अन् तू मुलाखत घेऊन बसली!"

ताई रडकुंडीला येऊन उघड्या बॉनेटखाली वाकली, तर साडीच्या पदराला बाजूची कोरडी हळद लागली. तिची एकुलती एक चांगली साडी, पांढरी. मी घाईघाईनं माझ्या सोड्याच्या ओल्या हातानं डाग पुसला. डाग लाल झाला.

आता रांग ताईकडं वळली.

एका बाईनं तिच्या पायाशी पोर ठेवलं. "माय, याले नोकरी लागंल का वं?"

"पयले मले लागू द्या!" ताई म्हणाली. लोकांनी याचाही खोल अर्थ काढला. ताई बी.एस्सी. होती, पण स्वतःच्या पदराकडं ती अशी पाहत होती, की तिलाही थोडी खात्री वाटत असावी. मला तर काहीच समजेना. मीही एकदा नमस्कार करून टाकला.

तेवढ्यात गर्दीतून तुळसाबाई आल्या. "माझा सोडा कोणं नेला?"

नानाजींनी त्यांना रांगेत उभं राहायला सांगितलं. त्यांनी बॅटरी पाहिली, ताईचा पदर पाहिला.

"हळदीले सोडा लागला का लालच होते. तीस वर्षं झाले धुणं धुऊन राहिली मी. मले कोणी एक झेंडू नाही वाह्यला."

बंपरला बांधलेलं नजरेचं लिंबू त्यांनी तोडलं, चाकूनं कापलं आणि बॅटरीवरच्या लालावर एक थेंब पिळला. पिवळं.

नानाजींची शिट्टी खिशात गेली.

"मले शंका होतीच," नानाजी म्हणाले.

मग कोणी अडवलं नाही. मी गरम पाण्यानं टर्मिनल धुतले, कोरडे पुसले, शिसं चमकेपर्यंत घासले. वायरी बसवल्या, फुलोरा पुन्हा येऊ नये म्हणून वरून ग्रीस लावलं. सव्वानऊला गाडी स्टार्ट झाली. ताईनं उरलेलं लिंबू पर्समध्ये टाकलं. बदलायला दुसरी चांगली साडी नव्हती.

मुख्याध्यापकांनी पहिला प्रश्न साडीवरच्या डागाचा विचारला म्हणे. ताईनं लिंबू काढलं, सगळ्यांसमोर डाग पिवळा केला, आणि आम्ल म्हणजे काय, आम्लारी म्हणजे काय, ते पदरावरच शिकवलं.

"आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही," ते म्हणाले. "सोमवारपासून या. ही साडी घेऊन या."

परत निघालो तर गाडी पुन्हा बंद. चावी फिरवली, आवाज नाही.

"लिंबू काढलं ना गाडीचं!" मामाजी म्हणाले. "मंग काहून चालंल ते?"

मी बॉनेट उघडलं. पॉझिटिव्हचा नट माझ्या बोटांनी फिरला. सकाळच्या गडबडीत पान्यानं कसायचाच राहिला होता. पुढं मामाजी ताईकडून पिळलेलं लिंबू घेऊन बंपरला बांधत होते. मी गुपचूप नट कसला.

एका चावीत गाडी स्टार्ट झाली.

मामाजींनी माझ्याकडं पाहिलं. "आता समजलं, इंजिनिअर?"

मी लिंबाला नमस्कार केला.