दोन दिवसांची बीज

थळच्या बायका कालवं फोडायला समुद्रातल्या खडपावर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर, जात त्या मनुबाईच्या भरवशावर. खडप आणि किनारा यांच्यामध्ये घळ होती, आणि भरतीचं पाणी आधी पाठीमागून त्या घळीतच शिरे. परतायची वेळ घरूनच काढून निघावं लागे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास, त्याच्या सहा तास आधी ओहोट. ही पाऊणकी बायकांत एकट्या मनुबाईला येत होती. त्याबद्दल प्रत्येक बाई तिला ओंजळभर कालवं देई. त्या ओंजळीवर तिचा मान उभा होता.

१९३१ साली तिच्या मुलाची, मुंबईत कामाला असलेल्या दादूची, बायको घरात आली. जनी म्हसळ्याची, शाळेत गेलेली. पोहता येत नव्हतं, पाऊणकी मात्र तोंडपाठ होती.

फाल्गुनातल्या एका पहाटे खडपावर पोचताच मनुबाई बायकांना म्हणाली, "आज तीज. सूर्य माडांच्या वर येईस्तोवर निवांत फोडा."

"आत्याबाय, आजपन बीजच हाय," जनी म्हणाली. "गुरव बोलला, ह्या म्हयन्याला बीज दोन दिस. पानी पाऊण तास आधी फिरंल."

बायकांतली आवडाबाई हसली. "मनुबाय, सून आणलीस का मास्तरीण? आता ओंजळ हिलाच द्यावी लागंल."

"द्या की," मनुबाई म्हणाली. "जने, येवढी शानी हायेस तर टोकाच्या खडकावर बस. मी हाक मारल्याबिगर उठायचं न्हाय."

जनी गेली.

सूर्य अजून माडांच्या आडच होता, तेव्हा मनुबाईला घळीत फेस दिसला. तिथूनच जनीला हाक मारली असती तर पाणी आधीच फिरलं, हिशेब जनीचाच बरोबर, ते सगळ्यांना कळलं असतं. ती हळूच म्हणाली, "चला गं. वारा बरा न्हाय."

बायका मांडीभर पाण्यातून निघाल्या.

"आन् जनी?" आवडाबाईने विचारलं.

"येते मागनं."

वाळूवर पाय टेकल्यावर मनुबाईने खणखणीत हाक मारली. जनी उठली, टोपली डोक्यावर घेऊन घळीपाशी आली, किनाऱ्याकडे बघून पाण्यात उतरली. रिकामी टोपली तेवढी तरंगत आली.

दादू मुंबईहून आला तेव्हा मनुबाई म्हणाली, "पाऊणकी येते म्हनायची. चुकली पोरगी." आवडाबाई तिथेच बसली होती. ती उठून आपल्या घरी गेली.

पुढच्या अमावास्येनंतर बायका पुन्हा खडपावर निघाल्या. ओंजळ मनुबाईलाच मिळाली. त्या पहाटे ती आधी गुरवाकडे जाऊन तिथी विचारून आली होती.